गोदाबाईचं नाशिक

नाशिकहून परत आल्यापासून आमच्या टेलिफोन ऑफिसातल्या बायका मला रोज तेच विचारतात. कुठं उतरलात, काय खाल्लंत, काय आणलंत, चार दिवस पुरतात का? एकीला सांगून होईपर्यंत दुसरी येते. म्हणून म्हटलं, एकदाच लिहून काढावं. पण लिहायला बसलं की माहितीच्या मध्ये माझी माय येऊन बसते. तिला वगळून नाशिक सांगता येत नाही, म्हणून दोन्ही एकत्रच लिहिते.

माझी माय गोदाबाई. वय सहासष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, वडील गेल्यापासून आमच्याकडे अकोल्याला. तिचं नाव गोदा ठेवलं त्यालाही कारण आहे. तिचा बाप, म्हणजे माझे आजोबा, १९३० साली मूर्तिजापूरजवळच्या आमच्या खेड्यातून चार गडी बरोबर घेऊन नाशिकला गेले होते. काळाराम मंदिराचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून तिथं सत्याग्रह चालला होता, त्यात ते बसले. घरी आजी पोटुशी. ते परत आले तेव्हा अंगणात बाळंतिणीची खाट होती आणि खाटेवर मुलगी. आजोबांनी नदीचं नाव ठेवलं. दार मात्र उघडलं नव्हतं. पुढं आम्ही सगळे बौद्ध झालो, त्या देवाशी आणि त्या दाराशी आमचा संबंध संपला असं घरात सगळे धरून चालले होते.

माय सोडून. सत्त्याण्णवच्या जानेवारीत मला प्रवास सवलतीची रजा मिळाली, तेव्हा मी म्हटलं, "माय, कुठं जायचं? सांची, दीक्षाभूमी?"

ती म्हणाली, "नाशिक."

माझा भाऊ जेवायला आला होता. त्याचा घास हातातच राहिला. "काहून? तो देव सोडला न आपण? मग त्याच्या दारात काहून जाचं?"

"मले देव नाई पाह्याचा," माय म्हणाली. "दार पाह्याचं हाये."

दुसऱ्या दिवशी मी तिकिटं काढली.

सोमवार : थंडी, मिसळ आणि नदी

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. गाडी नाशिक रोडला उतरवते, नाशिकला नाही. स्टेशनपासून शहर चांगलं अर्ध्या तासावर. बाहेर रिक्षावाले गराडा घालतात, पण शहरातल्या शालिमार चौकाची सिटी बस समोरच उभी असते, तीच बरी. आम्ही शालिमारच्या मागच्या गल्लीत एका साध्या लॉजवर उतरलो. खोली घेताना पलंग-गादी नंतर बघा, आधी गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळतं ते विचारा. आम्ही वऱ्हाडातली माणसं, बेचाळीस डिग्रीत भाकरी थापणारी. नाशिकच्या जानेवारीनं आमची बोटं आखडली. मायनं दोन लुगडी एकावर एक गुंडाळली, वरून माझा स्वेटर घातला आणि म्हणाली, "हे थंडी व्हय का काय व्हय? लोकं इथं जित्ते कसे राह्यतात?"

त्यावरचा उपाय नाशिककरांनी शोधून ठेवलेला आहे. सकाळी साडेसातलाच मिसळीच्या दुकानांत बाकं भरलेली असतात. मटकीची उसळ, वर बारीक शेव आणि कांदा, शेजारी वाटीत काळ्या मसाल्याचा रस्सा, पाव, भाजलेला पापड आणि दही. रस्सा वाढणाऱ्या माणसानं मायकडं बघून प्रेमानं सांगितलं, "आजी, तिखट आहे बरं का. आधी दही घ्या."

मायनं वाटी तोंडाला लावली, रस्सा घोट घोट प्यायली आणि वाटी पुढं केली. "चव बेस हाये. तिखटाची वाटी आण न आता."

दुसरी वाटी, तिसरी वाटी. शेजारच्या बाकावरची कॉलेजची पोरं नाकं पुसत थांबून बघायला लागली. तो माणूस हसत म्हणाला, "आजी कुठल्या?" माय म्हणाली, "वऱ्हाडातल्या. आमच्या इकडं पोह्यावर तर्री घालून लेकरं खातात." त्यानं चौथी वाटी न मागता आणून ठेवली. रस्सा पुन्हा पुन्हा वाढतात, त्याला नाही म्हणत नाहीत, हे मला नाशिकचं फार आवडलं. पण तुम्ही दही आधीच मागवा. मी मागवलं नव्हतं आणि माझे डोळे नदीपर्यंत वाहत होते.

शालिमारपासून नदी लांब नाही. मेन रोडनं रमतगमत खाली उतरत गेलं की दुकानं संपतात आणि एकदम घाट समोर येतो. नाशिकची माणसं तिला गंगाच म्हणतात. गंगेवर जाऊन येतो, गंगेवर बाजार आहे, असं. पहिल्या पायरीवर उभं राहून मायनं विचारलं, "गोदावरी कोठं हाये मग?"

"हीच," मी म्हटलं.

ती बघत राहिली. नदी जानेवारीत रोडावलेली, कुंडांतून अडवलेली, काठावर धुणी वाळत घातलेली, ओल्या अंगानं कुडकुडणारे यात्रेकरू. माय सावकाश खाली उतरली आणि ओंजळीत पाणी घेऊन तिनं तोंडावरून फिरवलं. "मी मोठी असंन म्हणे," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. रामकुंडाच्या काठावर एक गुरुजी पुढं आले. "आजी, कुठून आलात? काही विधी करायचाय? गोत्र कोणतं?"

"गोत्र नाई बापा," माय म्हणाली. "पोस्टाचा पत्ता हाये. देऊ का?"

गुरुजीही हसले. चांगला माणूस. त्यांनीच आम्हाला दुतोंड्या मारुती दाखवला. नदीच्या पात्रातच उभा असलेला हा दोन्ही बाजूंनी तोंड असलेला मारुती म्हणजे नाशिककरांची पूर मोजायची पट्टी. कमरेला पाणी लागलं तर काळजी, गळ्याला लागलं तर दुकानं आवरायची. मायला हा मारुती पटला. "काही तरी काम करतो," म्हणाली.

पंचवटीत सीतागुंफा आहे. तिच्याबद्दल एक सूचना : पोटभर मिसळ खाऊन तिथं जाऊ नका. आत वाकून, मग बसून सरकत उतरावं लागतं. माय बाहेर थांबली. "तू ये पाहून, मी बसतो इथं," म्हणाली. आमच्याकडं बायकाही येतो-जातोच म्हणतात, ते ऐकून रांगेतल्या दोन बायका एकमेकींकडं बघून हसल्या. मी आत गेले आणि मधल्या वळणावर खांद्याला अडकवलेल्या पिशवीसकट अशी रुतले की पुढं जाईना आणि मागं येईना. मागून एक बाई "ताई, श्वास सोडा, श्वास सोडा" म्हणत मला ढकलत होती. बाहेर आले तेव्हा केसांत जाळं, कोपर खरचटलेलं. मायनं पदरानं माझं तोंड पुसलं. "सीता बारीक असंन," एवढंच बोलली.

तिथून काळाराम पाच मिनिटांवर. घाटावर आणि पंचवटीत फिरता फिरता दिवस कलायला आला होता. पूर्वेचं मोठं दार सताड उघडं, माणसं चपला काढून आत जात होती, बाहेर येत होती. काळ्या दगडाची भिंत, आत काळ्या दगडाचं शिखर. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मी चपला काढल्या आणि वळून पाहिलं तर माय दारापासून दहा पावलांवर उभी. चपला पायातच. तिचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता, वडील गेले त्या दिवशीही नाही.

"चल ना," मी म्हटलं.

"आज नाई," ती म्हणाली. आणि वळून चालायला लागली, त्या गुडघ्यांनी जमेल तेवढ्या भराभर.

मी चपला हातात घेऊनच मागं पळाले. लॉज येईपर्यंत ती माझ्या पुढंच होती. जेवणात बाजरीची भाकरी आणि शेवभाजी होती. शेवभाजी नाशिकला चुकवू नका, खानदेशाची हद्द जवळ असल्यामुळं तिथं ती झणझणीत मिळते. पण मायनं अर्धीच भाकरी खाल्ली. भावाचं म्हणणं खरं होतं की काय, उगाच तिला तिथं नेलं, असं मला वाटत राहिलं.

मंगळवार : डोंगरावर, मग भांडी बाजारात

शहराबाहेर मुंबईच्या रस्त्यावर जो एकटा डोंगर दिसतो त्याच्या कमरेला लेणी आहेत. नाशिकचे लोक पांडवलेणी म्हणतात, आम्ही त्रिरश्मी म्हणतो. सीबीएसवरून, म्हणजे शहरातल्या मुख्य एसटी स्टँडवरून, बस मिळते. सकाळी आठच्या आत पायथ्याशी पोचा. ऊन तापलं की पायऱ्या भाजतात, वर प्यायचं पाणी मिळेलच असं नाही, आणि माकडं हातातलं केळं मागून घेत नाहीत, हिसकून घेतात. माझं गेलं.

पायऱ्या दोनशेच्या वर. मी मायला खाली म्हटलं होतं, "तू पायथ्याशी बस. मी वर जाऊन सगळं सांगते तुला."

"काल मी बसली न बाहेर," ती म्हणाली. "रोज रोज नाई बसाची."

दर पंधरा-वीस पायऱ्यांवर ती थांबायची, गुडघे दोन्ही हातांनी चोळायची, पुन्हा निघायची. खाली उतरणारी एक मुंबईकडची मंडळी "आजी, कशाला त्रास घेता?" म्हणाली, तर मायनं त्यांना विचारलं, "तुम्ही वर काय पाह्यलं?" त्यांच्यातली एक म्हणाली, "तशा गुहाच आहेत." मायनं मान हलवली आणि पुढची पायरी चढली. वर पोचायला आम्हाला तास लागला. शेवटच्या पायरीवर तिनं दोन्ही हात कमरेवर ठेवून मागं वळून पाहिलं. खाली अख्खं शहर धुक्यात, एखाद्या चुलीवर ओल्या लाकडांचा धूर धरावा तसं.

लेण्यांवर पाथर्डी गावचे एक वयस्क चौकीदार होते, डोक्याला मफलर. त्यांनी आम्हाला एकेक लेणं दाखवलं. चैत्यगृहात आत गेल्यावर गारवा आणि अंधार, वर कमानदार छत आणि मधोमध स्तूप. मायनं चपला बाहेर काढल्या, गुडघे टेकले आणि त्रिसरण म्हणायला सुरुवात केली. घरी ती हळू म्हणते. इथं दगडानं तिचा आवाज घेतला आणि मोठा करून परत दिला. ती दचकून थांबली. मग पुन्हा पहिल्यापासून, मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. बाहेर मफलरवाले चौकीदार हात जोडून उभे होते.

मोठ्या लेण्याच्या ओसरीत त्यांनी भिंतीवरची अक्षरं दाखवली. "हे लेणं राजाच्या आईनं दान दिलंय, मावशी. तिनं तसं कोरून ठिवलंय. दोन हजार वर्सं झाली म्हणत्यात. अन् राजा पन कसा, आपल्या नावाच्या आधी आईचं नाव लावायचा."

माय ओसरीच्या दगडावर टेकली. बराच वेळ खांबावरचे हत्ती-बैल बघत बसली. मग म्हणाली, "दादा, काळाराम इथून कोनत्या अंगाले?"

त्यांनी हात लांब करून धुक्यात एक दिशा दाखवली. दिसत काहीच नव्हतं. माय तरी बघत राहिली.

उतरताना गुडघे जास्त दुखतात. ती चक्क पायरी पायरी बसत उतरली, पण एकदाही कुणाचा हात धरला नाही. खाली येऊन उसाच्या रसाचे दोन ग्लास प्यायली.

दुपारी भांडी बाजार. बायांनो, हा मात्र वेळ राखून बघा. गल्लीच्या दोन्ही बाजूंना तांब्या-पितळेची दुकानं, दाराबाहेर हंडे-कळशांच्या उतरंडी, आतून ठोक्यांचा आवाज. बाहेर उन्हात उभं राहिलं तर डोळे दिपतात. वस्तू घेताना दुकानाच्या आतल्या उजेडात घेऊ नका, बाहेर आणून बघा. बुडाला टिचकी मारा. नाद लांबला पाहिजे, बद्द आला तर सांधा कच्चा. हे मी शहाणपणानं लिहिते आहे, पण त्या दिवशी सगळं मायनं केलं. तिनं अर्धं दुकान बाहेर काढायला लावलं आणि शेवटी बोट ठेवलं ते एका तांब्याच्या घंगाळावर. दोन कड्यांचं, लहान लेकराला आत बसवून आंघोळ घालता येईल एवढं.

"माय, हे गाडीत कसं न्यायचं?"

"डोक्यावर."

दुकानदार काका वजन करता करता म्हणाले, "आजी, नाव घालून देतो. काय घालू? सौभाग्यवती..."

"गोदा," माय म्हणाली.

"पुढं? आडनाव?"

"नुसतं गोदा. नदीले कुठं आडनाव हाये?"

काकांनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि स्वतः छिन्नी घेऊन बसले. दोन अक्षरं, पण अशी सुबक ठिपक्या-ठिपक्यांनी उमटवली की बाजूचे दोघे बघायला आले. ते घंगाळ आम्ही मेन रोडनं एकेक कडी धरून लॉजपर्यंत नेलं. वाटेत द्राक्षं घेतली, तीही त्यातच टाकली. द्राक्षं घेताना देठ हिरवा आहे ना तेवढं बघा. चिवडा भट्टीवरचा ताजा घ्या आणि तिथंच थोडा कच्चा कांदा घालून खाऊन बघा, मग बांधून घ्या. पैठणीसाठी मात्र शहरात फिरू नका, सरळ येवल्याला जा, माग चालताना बघायला मिळतात. आम्ही गेलो नाही. ते घंगाळ घेऊन येवल्याला कोण जाणार?

बुधवार : गंगेवरचा बाजार

बुधवारी नदीकाठी बाजार भरतो आणि नाशिक खरं तिथं दिसतं. पेठ-सुरगाण्याकडच्या बाया नागली म्हणजे नाचणी घेऊन बसलेल्या, कळवणचा कांदा, आजूबाजूच्या मळ्यांतली मेथी-कोथिंबीर दवासकट, लसणाच्या माळा, विळे-खुरपी, जुने कपडे, बांगड्या. आमच्याकडच्या बाजारापेक्षा इथं भाजी कोवळी आणि आवाज मोठा. हिरवीगार मेथी बघून माझा हात शिवशिवला, पण लॉजवर ती कुठं शिजवणार?

माय एका फुलवालीपाशी थांबली. चाळिशीची, उन्हानं रापलेली, सिंधू नावाची. मखमलाबादकडं तिचा शेवंती-झेंडूचा मळा. पुढ्यात पिवळ्या-पांढऱ्या शेवंतीचा ढीग आणि हात सारखे गुंफत होते. मायचे पाय दुखत होतेच. ती विचारून तिच्या गोणपाटाच्या कडेला टेकली आणि दोन मिनिटांत तिनंही दोरा हातात घेतला. सिंधूबाईनं पाहिलं आणि फुलांचा एक वाटा तिच्याकडं सरकवला.

"हात चांगला चालतोय मावशे तुमचा. कुठून आल्या?"

"अकोल्याहून."

"लय लांबून. देवदर्सन झालं का? काळाराम?"

मायचा हात थांबला. "दारापर्यंत गेलती परवा."

"मंग आत का नाय गेल्या? दार तर उघडंच आसतंय."

मी मध्ये काही बोलणार होते. मायनं मला नजरेनं थांबवलं आणि फुलं गुंफता गुंफता सगळं सांगितलं. बाप कुठून आला, कोणत्या सत्याग्रहात बसला, दार उघडलं नाही, तो परत गेला. पुढं कधीच नाशिकला आला नाही. मरेपर्यंत दाराची गोष्ट सांगायचा. आणि मग तिनं ते सांगितलं, जे तिनं मलाही सांगितलं नव्हतं.

"परवा मी तिथं गेली न, तर बा मले बसलेला दिसला. तिथंच, दारासमोर, उन्हात. मी म्हटलं, त्याले ओलांडून आत कशी जाऊ?"

सिंधूबाईचे हातही थांबले होते. शेजारची कांदेवाली ऐकत होती. बाजाराचा गोंगाट चालूच होता.

"मावशे," सिंधूबाई म्हणाली, "ओलांडायचं कशापायी? उठवा की त्याला. म्हणावं बाबा, ऊठ, दार उघडलंय. संगं घेऊन जावा."

माय तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं नाक ओढलं, एकदाच, आणि फुलांवर पडलेलं पाणी बोटानं पुसून टाकलं.

सिंधूबाईनं हातातली वेणी गाठ मारून पुरी केली. पिवळ्या शेवंतीची, वीतभर. तिनं ती मायपुढं धरली.

"मी फुलं वाह्यत नाई देवाले," माय म्हणाली. "आमच्यात नाई."

"देवाला कोन म्हनतंय? डोक्यात माळा."

"मले नाई चालत. माहे मालक गेले, नऊ वर्सं झाले."

"तुमच्यात चालतं का नाय मला ठावं नाय," सिंधूबाई म्हणाली. "फुलाला समदं चालतं. अन् लेक बापासंगं चाललीय. मोकळं डोकं बरं दिसतं का?"

आमच्याकडं सगळं बदललं, देव बदलला, लग्नाचे मंत्र बदलले, पण विधवेच्या डोक्यात फूल मी घरात कधी पाहिलं नाही. माय कधीच घालणार नाही हे मी पैजेवर सांगितलं असतं.

मायनं पाठ वळवली, पदर मागं सारला आणि सिंधूबाईला आपला पांढरा अंबाडा दाखवला.

पुलावरून पलीकडं जाताना ती माझ्या पुढं चालत होती. दारापाशी आलो. तिनं चपला काढल्या, नीट जोडीनं भिंतीकडेला ठेवल्या. मग ती दारासमोरच्या मोकळ्या जागेत, जिथं परवा उभी होती तिथून थोडी डावीकडं गेली आणि वाकून हळू काहीतरी बोलली. काय बोलली ते मी ऐकलं नाही, विचारलंही नाही. सरळ झाली आणि दारातून आत गेली.

आत मोठं अंगण, ऐसपैस सभामंडप, काळ्या खांबांच्या रांगा. सकाळच्या उन्हातही दगड गार. गाभाऱ्यासमोर दहा-बारा माणसं होती. माय रांगेत उभी राहिली, तिची पाळी आली तशी पुढं गेली, मूर्तींकडं नीट पाहिलं, शेजारी कुणाच्या घरी नवी सून बघायला गेल्यावर बघतात तसं. पुजाऱ्यांनी तीर्थाची पळी पुढं केली.

"नको बापा," ती म्हणाली. "मी नुसती पाहाले आली."

"बघा ना आजी. निवांत बघा," ते म्हणाले, आणि मागच्या माणसाला तीर्थ दिलं.

एवढंच. सव्वाशे कोसांवरून येऊन, सहासष्ट वर्षं थांबून, एवढंच. मला वाटलं आता ती रडेल किंवा मला धरेल. ती मंडपात आली, मधोमध एक जागा निवडली, पदरानं फरशी झटकली आणि मांडी घालून बसली. त्या गुडघ्यांनी ती घरी मांडी घालत नाही.

"दमलीस का?" मी विचारलं.

"नाई. बा उन्हात बसला होता. मी सावलीत बसतो."

"किती वेळ?"

"पोटभर."

मी तिच्याशेजारी बसले. माणसं येत होती, घंटा वाजवून जात होती. एका पोरीनं तिच्या डोक्यातल्या शेवंतीकडं बघून आईला काहीतरी म्हटलं. बसल्या बसल्या मायची मान खांबाला टेकली आणि ती झोपली. चक्क घोरायला लागली. एक बाई वाकून म्हणाली, "आजींना बरं नाहीये का?" मी म्हटलं, "बरं आहे. फार बरं आहे." आणि तेव्हा मात्र मलाच रडू आलं, मी तोंड फिरवून भराभर पुसलं.

तासाभरानं ती जागी झाली. वेणी चाचपून पाहिली, लुगडं सारखं केलं.

"याले दुसरी दारं हायेत का वं?"

"आहेत ना. बाजूंना आहेत."

"चाल मंग."

जी दारं त्या दिवशी उघडी होती, त्या प्रत्येकातून माय एकदा बाहेर गेली आणि एकदा आत आली. उंबऱ्यावर दर वेळी थांबायची, दगडाला हात लावायची, पाय उचलायची. पूर्वेच्या मोठ्या दारातून तर तिनं तीनदा ये-जा केली. तिसऱ्या खेपेला आवारातले एक म्हातारे गृहस्थ, बहुधा तिथंच काहीतरी काम बघणारे, काळजीनं जवळ आले.

"आजी, काही हरवलंय का तुमचं?"

"नाई बापा," माय म्हणाली. "येऊन-जाऊन पाहून राह्यली."

ते काही न समजून बाजूला झाले, तिला वाट दिली. ती पुन्हा आत गेली.